तोंड रस्त्याकडे

"एक गाडी की दोन?" असं वायरमन नुमाओनं विचारलं आणि शिहोकोच्या तोंडून "एक" निघून गेलं. विचार करून म्हणाली असती तर गोष्ट वेगळी होती. दुकानदारानं पिशवी हवी का विचारावं आणि आपण नको म्हणावं, इतकं ते सहज झालं. नुमाओनं मान डोलावली, गळ्यातल्या पंचानं कपाळ टिपलं आणि मोजपट्टी ओढत तो घराच्या भिंतीकडे गेला. ऑगस्टचं ऊन सकाळीच तापलं होतं. उत्सुनोमियाच्या उत्तरेला डोंगरांवर ढग फुगायला लागले होते, म्हणजे संध्याकाळी गडगडणार हे ठरलेलं. शिहोको अंगणात दोन गाड्यांसाठी आखलेल्या काँक्रीटवर सपाता घालून उभी होती. वसंतात तिची जुनी छोटी गाडी कायमची बसली, त्याच सुमारास कोपऱ्यावरचा पेट्रोलपंपही बंद झाला, म्हणून तिनं विजेची गाडी सांगितली होती. ती महिनाअखेर यायची होती. तिच्याआधी चार्जर हवा, आणि चार्जर म्हणजे नुमाओ. गल्लीतल्या निम्म्या घरांचे दिवे त्याच्या हातचे. हात चालू असला की त्याचं तोंडही चालू असायचं.

शिहोकोनं चार्जरची माहितीपत्रकं आणून ठेवली होती, पांढरा डबा, काळा डबा, लाकडासारखा दिसणारा डबा. नुमाओनं ती बघितलीसुद्धा नाहीत. तो म्हणाला, "वहिनी, रंगाचं काय घेऊन बसलात? गाडी कुठे उभी राहणार, किती गाड्या, तोंड कुठे, एवढं सांगा. डबा आपोआप ठरतो." मग त्यानं कुंपणाच्या दगडी भिंतीवर बोटांनी टकटक केलं. सासऱ्यांनी हौसेनं बांधलेली, जवळच्या ओयाच्या खाणीतल्या मऊ दगडाची भिंत. टकटक केल्याबरोबर तिच्यातून चिमूटभर भुगा गळला. दिसायला राणी, पण बोल्ट मारायला गेलं तर बिस्किट, असा त्यानं निकाल दिला. म्हणजे उरल्या दोन जागा. एक, घराची भिंत, जिथे डबा टांगला तर केबल फक्त शिहोकोच्या गाडीपर्यंत पोचेल. दुसरी, दोन गाड्यांच्या मधोमध खांब रोवायचा, दोन्ही बाजूंना केबल. त्याला काँक्रीट फोडायला लागणार. "गाडी उलटीच लावता ना?" त्यानं मधेच विचारलं. "या गाडीचं चार्जिंगचं तोंड मागे, उजव्या अंगाला असतं." शिहोको म्हणाली, उलटीच. हे दुसरं निसटलेलं उत्तर. गेली कित्येक वर्षं ती गाडी सरळ आत घुसवत होती, नाक घराकडे करून, आणि निघताना मान वळवून वळवून मागे घेत होती. पण सगळी गल्ली गाड्या उलट्या लावते, सगळा देश लावतो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. जाता जाता नुमाओ म्हणाला, "एक म्हणालात खरं, तरी घरी विचारून घ्या. खांब नंतर रोवायचा म्हटलं तर सगळा खटाटोप पुन्हा. ओबोनच्या सणाच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सांगितलंत तरी चालेल, मग गोदामवाले सुट्टीवर जातात."

घरी विचारून घ्या. ती घरात आली, पंखा लावला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या दोन जागांकडे बघत राहिली. घरी कोण होतं विचारायला? मुलगी लग्न होऊन योकोहामाला. सासू-सासरे आता पितर होऊन कोनाड्यातल्या काळ्या लाकडी देव्हाऱ्यात. आणि कुनिहिरो, तिचा नवरा, तिकडे लांब हाकाताला कंपनीच्या एका खोलीत. तो मार्चमध्ये निवृत्त होणार होता. पुढच्या वसंतात, एवढंच तो म्हणायचा. येतो असं कधी म्हणाला नाही, आणि या असं तिनंही म्हटलं नव्हतं. निवृत्तीनंतर आपणही विजेचीच गाडी घेऊ, असं तो जानेवारीत बोलला होता आणि तिनं "छान" म्हटलं होतं. म्हणजे दोन. सरळ हिशेब होता. मग जिभेवर एक कुठून आलं? ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. तिला हाकाताला फोन करून सगळं सांगावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं की त्याला आयुष्यात कधी कळू नये. ती भांडी विसळायला लागली. विसळलेलीच भांडी तिनं पुन्हा विसळली.

दुकानात तिचं काम नजर तपासायचं. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून ती स्टेशनजवळ चष्म्याच्या दुकानात होती. माणसाच्या नाकावर जड चौकट ठेवायची, एक भिंग सरकवायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं की हे?" दिवसभर तोच प्रश्न. लोक घाबरतात. परीक्षेत नापास होऊ अशा चेहऱ्यानं बसतात, आणि बरेचसे शेवटी म्हणतात, दोन्ही सारखंच दिसतंय. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ असेच अडून बसले. पहिलं बरं, नाही, दुसरं, नाही, पुन्हा पहिलं दाखवा. शिहोको एरवी अशा माणसांशी फार गोड वागायची. त्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, मनात आलं ते सांगा, खरं तेच असतं." आणि बोलून गेल्यावर हातातलं भिंग सरकवायचं ती विसरली. मनात आलं ते खरं असतं का? अनुभव तर उलटा होता. डोळा ज्याला सरावलेला असतो तेच त्याला बरं वाटतं. वर्षानुवर्षं कमी नंबर वापरलेल्या माणसाला योग्य भिंग दिलं की तो कुरकुरतो, जमीन हलते म्हणतो, जिना खोल दिसतो म्हणतो. आठ-पंधरा दिवस जमीन हलणारच, असं समजावून ती लोकांना घरी पाठवायची. काही जण दुसऱ्याच दिवशी जुना चष्मा घालून परत यायचे आणि नवा काउंटरवर ठेवायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो सुटका झाल्याचा भाव तिला आठवला, आणि आपण कुठल्या चष्म्याविषयी विचार करतोय हे तिला कळेनासं झालं.

कुनिहिरोची पहिली बदली झाली तेव्हा मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. अशा वेळी काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. पुरुष एकटा जातो, बाई-पोर घर धरून राहतात. कंपनीनं आठवडाभर आधी कळवलं, कुनिहिरोनं जेवताना सांगितलं, मुलगी "बरं" म्हणाली, आणि शिहोको उठून सूप वाढायला गेली. ओकायामाला त्याची खोली लावून द्यायला ती गेली होती. एका माणसाचा भात होईल एवढं भांडं घेतलं, एक वाडगा, एक पडदा. दुकानातली मुलगी म्हणाली, जोडीनं घेतलेत तर स्वस्त पडतील. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे ती विसरली नव्हती. पहिल्या हिवाळ्यात ती रात्री दिवा चालू ठेवून झोपायची. दर शनिवारी फोन करायची. बाहेर पाऊल वाजलं की उठून बसायची. मग कधीतरी, नेमकं केव्हा कुणास ठाऊक, तिनं दिवा बंद केला. मग जेवणाची वेळ सुटली, मग भूक लागेल तेव्हा उभ्या-उभ्या टोमॅटो खाऊन भागायला लागलं. मग एका रविवारी दिवसभर ती कुणाशी एक शब्द बोलली नाही आणि संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आपण सुखात आहोत. त्या सुखाची तिला एवढी लाज वाटली की तिनं त्याला फोन केला आणि फार वेळ बोलली. तो बिचारा खूश झाला.

तो वर्षातून दोनदा यायचा, नव्या वर्षाला आणि ओबोनला, पितरांच्या सणाला. स्टेशनवरूनच भाड्याची गाडी घेऊन. म्हणजे आणायला नको, सोडायला नको, तुला त्रास नको. गाडी आधी दारावरून पुढे निघून जायची, थांबायची, गिअर पडल्याचा आवाज यायचा, आणि मग ती मागे मागे येत सासऱ्यांच्या दगडी भिंतीला बोटभर अंतर ठेवून उभी राहायची. एका झटक्यात. त्याचा हात त्यात फार साफ होता. तिला तो पूर्वी शिकवायचा, गाडीमागे उभा राहून "ओराय, ओराय", म्हणजे येऊ दे, येऊ दे, असं ओरडत हात हलवायचा, आणि ती दरवेळी कुंडीला ठोकायची. निघताना सोपं पडतं, असं तो म्हणायचा. खरंच होतं ते. पण आल्या दिवसापासून त्या गाडीचं तोंड रस्त्याकडे असायचं. शिहोको स्वयंपाकघरातून बघायची तर तिला गाडीची पाठ दिसायची. माणूस घरात मांडी घालून टरबूज खातोय आणि बाहेर त्याची गाडी निघायच्या बेतात उभी आहे. मग त्याच्या पाठीमागे, तो गेल्यावर, तिनं आपली गाडी नाक आत करून लावायला सुरुवात केली. चिडून नव्हे. निदान चिडून आहे असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे गडगडायला लागलं. या गावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी आभाळ असं रोजच्या रोज भांडायला येतं आणि लोक त्याला घरचं समजतात. मोठा कडकडाट झाला की म्हातारी माणसं "कुवाबारा, कुवाबारा" असं पुटपुटतात, म्हणजे वीज दुसरीकडे जाते. शिहोको लग्न होऊन आडनावानं कुवाबारा झाली तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, पोरीचा विजेपासून जन्माचा विमा उतरला. दिवे एकदा जाऊन पुन्हा आले तेवढ्यात शेजारच्या आकुत्सुबाई छत्री मिटत पडवीत शिरल्या. वांगी द्यायचं निमित्त होतं. खरं म्हणजे त्या स्वतःच्या नवऱ्यापासून पळून आल्या होत्या. आकुत्सु दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून बायको ज्या खोलीत जाईल त्या खोलीत जायचे. असल्या नवऱ्यांना इकडे ओलं पान म्हणतात, झाडूला चिकटतं ते काही केल्या सुटत नाही. "आत्तासुद्धा विचारत होते, छत्री घेऊन कुठे चाललीस," आकुत्सुबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, पावसात. बाई गं, नवरा कसा असावा? तब्येतीनं खणखणीत आणि घराबाहेर. तू गेल्या जन्मी काय दान केलं होतंस कोण जाणे. आता मार्चपर्यंत मजा करून घे."

शिहोको हसली. अशा बोलण्यावर हसायचंच असतं. मग आकुत्सुबाईंनी नुमाओ येऊन गेल्याचं काढलं, भिंतीला कान असलेल्या गल्लीत ते अपेक्षितच होतं, आणि एकाच गाडीचं ठरलंय म्हणे, असं त्या अगदी सहज म्हणाल्या. नुमाओनं सांगितलं होतं तर. आकुत्सुबाईंचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते आणि त्यांत चेष्टा नव्हती. तेवढ्यात कुंपणापलीकडून आकुत्सुंचा आवाज आला, सोया सॉसची बाटली कुठे आहे म्हणून. "हातासमोर," आकुत्सुबाई ओरडल्या. उठता उठता त्या म्हणाल्या, "वैतागते मी, ते खरं. पण गेल्या हिवाळ्यात ते आठवडाभर दवाखान्यात होते ना, तेव्हा मी ती बाटली मुद्दाम दुसरीकडे ठेवून बघितली. कुणी विचारलंच नाही." आणि त्या पावसात निघून गेल्या. शिहोकोला त्यांचा राग आला. हे असलं काहीतरी सांगून जायची काय गरज होती? वांगी उगाच हातात घेऊन ती उभी राहिली. प्रत्येकाला आपापल्या ओल्या पानाचं कौतुक असतं. पण ज्या घरात इतकी वर्षं झाडूच कोरडा आहे, तिथे काय करायचं?

दिवे पुन्हा एकदा गेले आणि आले. तिनं फोन उचलला. शनिवार नव्हता, त्यामुळे कुनिहिरोनं पहिल्यांदा काय विचारलं तर, काय झालं? मागे टीव्हीवर बेसबॉल चालू होता. काही नाही, चार्जरचं, ती म्हणाली, आणि नुमाओनं काय काय सांगितलं ते सगळं सांगत सुटली. दगडाचा भुगा, भिंतीवरचा डबा, मधला खांब, गोदामाची सुट्टी. बोलता बोलता तिला वाटत होतं की आपण मूळ गोष्टीभोवती नुसत्या फेऱ्या मारतोय. गाडीचं चार्जिंगचं तोंड मागे आहे हे ऐकल्यावर तो मधेच म्हणाला, "मग तुला उलटी लावायला लागेल. तू तर सरळ घुसवतेस."

"तुम्हाला काय माहीत?"

"काँक्रीटवर तेलाचे डाग कुठे पडलेत ते दिसतं की. किती वर्षं बघतोय."

किती वर्षं बघतोय. आणि एका शब्दानं कधी बोलला नाही. आपण लपवलेली वस्तू घरातल्यांनी कधीच बघून पुन्हा जागच्या जागी ठेवली आहे असं कळावं, तसं तिला झालं. त्या उघडं पडण्यात थोडा मोकळेपणाही होता. म्हणून तिनं बोलून टाकलं.

"त्यानं विचारलं, एक गाडी की दोन. मी एक म्हणाले."

टीव्हीतला आवाज एकदम बंद झाला. त्यानं बंद केला होता. आभाळ आता दूर पूर्वेला गुरगुरत होतं, आणि तिच्या कानात हाकाताच्या त्या खोलीतली शांतता होती. ती खोली तिनं फक्त एकदा, ओकायामाहून तिकडे बदली झाल्यावर लावून द्यायला गेली तेव्हा, पाहिली होती. खिडकीत एक पडदा, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावणारा माणूसच नव्हता.

"मलाही कंपनीनं विचारलंय," तो म्हणाला. "अजून पाच वर्षं इथेच राहता का म्हणून. कमी पगारावर, पण राहा म्हणतात. जूनमध्येच विचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"घरी विचारून सांगतो म्हटलं."

"विचारलं नाहीत."

"आत्ता विचारलं की." आणि थोडं थांबून, "ओबोननंतर त्यांना सांगायचंय. त्याला एक सांग नाहीतर दोन सांग, मी त्याप्रमाणे सांगतो. मला काही नाही."

मला काही नाही. फोन ठेवल्यावर ती या तीन शब्दांवर चिडली आणि चिडूनच राहिली. दुसऱ्या दिवशी चिडली, तिसऱ्या दिवशीही. सगळं आपल्या पदरात टाकून हा माणूस मोकळा. जूनपासून गप्प बसला. कदाचित त्याला राहायचंच असेल तिथे. कुणी असेल का तिथे? छे, तसला नव्हे तो. तसला नव्हे हे आपल्याला काय ठाऊक? तेलाचे डाग त्याला दिसणार नाहीत असंही तिला वाटलं होतंच की. एक सांगितलं तर सगळं होतं तसं राहणार होतं, दुसऱ्या जागेत शिसोच्या पाल्याच्या आणि टोमॅटोच्या कुंड्या, रविवार तिचा, टोमॅटो उभ्या-उभ्या. आणि पाच वर्षांनी? पाच वर्षांनी तो विचारणारही नव्हता, हे तिला पक्कं कळत होतं. दोन सांगितलं तर मार्चमध्ये एक साठीचा माणूस बॅगा घेऊन येणार होता, ज्याच्या सवयी तिला ठाऊक नव्हत्या, जो चहा केव्हा पितो, रात्री किती वेळा उठतो, एकटा असताना मोठ्यानं बोलतो का, हे तिला सांगता आलं नसतं. कुठली तरी सोयाची बाटली शोधत तो खोल्याखोल्यांतून हिंडणार. दुकानात तिनं एका बाईला डाव्या डोळ्याचं भिंग उजव्याला लावलं. घरी रात्रीचा भात करपवला. झोपेत तिला कुणीतरी "हे की हे, हे की हे" विचारत होतं, आणि तो आवाज तिचाच होता.

ओबोनच्या पहिल्या दिवशी सकाळी ती देव्हाऱ्यापुढे कमळाच्या पानावर काकडी आणि वांगं घेऊन बसली. पितर येतात ते काकडीच्या घोड्यावरून, धावत. जातात ते वांग्याच्या गाईवरून, रमतगमत. काड्यांचे पाय खोचायचे आणि आज दोघांचीही तोंडं आत, घराकडे करायची. निरोपाच्या दिवशी ती बाहेर वळवायची. हे तिला सासूनं शिकवलं होतं. पहिल्या वर्षी तिनं घोड्याचं तोंड चुकून दाराकडे केलं तर सासू म्हणाली होती, अगं, आलेल्याला पाणी तरी विचार. तिनं गाईचे चार पाय खोचले. घोड्याचा एक पाय खोचला आणि तिचा हात थांबला, कारण गल्लीच्या तोंडाशी गाडी वळल्याचा आवाज आला. तिला तो ओळखता यायचा, भाड्याच्या गाड्या वेगवेगळ्या असल्या तरी चालवणारा तोच. आता ती दारावरून पुढे जाईल. मग थांबेल. मग गिअर. ती वाट बघत राहिली. आवाज पुढे गेलाच नाही. दाराशी येऊन तो रेंगाळला, पुन्हा चालू झाला, थांबला, आणि मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऊन परतल्यासारखा उजेड हलला.

ती खिडकीशी गेली. गाडीचं तोंड तिच्याकडे होतं. वाकडीतिकडी, अर्धी आत, अर्धी रस्त्यावर, आणि पुढच्या काचेमागे कुनिहिरो दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. केस बरेच गेले होते. जानेवारीत एवढे गेलेले नव्हते, की तिनं नीट बघितलंच नव्हतं? इतक्या वर्षांत त्याला गाडीत बसलेलं समोरून तिनं बघितलंच नव्हतं. दरवेळी पाठच. त्याचा चेहरा घाबरलेला होता, नजर तपासायला बसलेल्या माणसासारखा. ती सपाता घालून बाहेर गेली. त्यानं काच खाली केली.

"कळतच नाही गं, किती पुढे घ्यायची," तो म्हणाला. "सरळ कधी लावलीच नाही. तुझ्या कुंड्या चिरडतील."

तिनं टोमॅटोची कुंडी उचलली आणि भिंतीशी नेली. मग शिसोच्या, एकेक करून. शेवटची जड होती, ती तिनं ओढली. तो उतरून मदत करायला निघाला तर तिनं हातानंच बसा म्हणून सांगितलं. मग घराच्या भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली आणि दोन्ही हात स्वतःकडे हलवायला लागली. या. गाडी इंचभर आली. अजून या. डावीकडे घ्या. एवढं घाबरायला काय झालं, या. "ओराय, ओराय," ती म्हणाली, आणि हे शब्द आपल्या तोंडून पहिल्यांदाच निघतायत हे तिच्या ध्यानात आलं. गाडीचं नाक तिच्या गुडघ्यांशी आलं तेव्हा तिनं तळहात उभा केला. इंजिन बंद झालं. झाडांवरच्या किरकिऱ्या किड्यांचा गोंगाट एकदम मोठा झाला.

तो खाली उतरला नाही. पट्टासुद्धा काढला नाही. तिच्याकडे बघत बसला, आणि ते बघणं तिला असह्य झालं. त्याला परत यायचं होतं. तोंडानं त्यानं ते म्हटलं नव्हतं आणि म्हणणारही नव्हता, पण त्याला फार यायचं होतं. आणि तिला तो हवा होता का? तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. भीती होती, आणि भीतीला लागूनच असं काहीतरी होतं की ज्यामुळे तिला त्याच्या विरळ केसांवर हात ठेवावासा वाटत होता. जमीन थोडी हलली. हलणारच. लोकांना ती हेच सांगायची. तिनं एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि तिथेच, गाडीसमोर उभी राहून, नुमाओला लावला. उघड्या काचेतून कुनिहिरोला सगळं ऐकू येत होतं. यावं म्हणूनच ती मोठ्यानं बोलत होती.

"नुमाओसान, खांब. मधोमध."

तिकडून तो काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "हो. दोन." कुनिहिरोनं चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. नुमाओ आनंदानं बोलत सुटला असावा, कारण ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिनं समोरच्या गाडीच्या तोंडाकडे बघितलं, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि तिचा आवाज बदलला.

"दोन्ही उलट्या नाहीत. यांची सरळ. माझी उलटी, तोंड रस्त्याकडे." थोडं ऐकून घेऊन ती म्हणाली, "हो, म्हणाले होते. खोटं बोलले होते. लावत नव्हते. आता लावणार आहे."

तिनं फोन एप्रनच्या खिशात टाकला. रस्त्यावरून एक सायकल गेली. कुंपणापलीकडे आकुत्सु कशाचा तरी शोध घेत होते.

"मी शिकवीन तुला," कुनिहिरो म्हणाला.

"नको. माझी मी शिकेन."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्या दुसऱ्या, रिकाम्या जागेकडे. आता निघायच्या बेतात उभी राहणार ती तिची गाडी, हे त्याला समजलं असावं. तो वाद घालणारा माणूस नव्हता, पण या वेळी त्यानं मान हलवली ती जरा उशिरा.

"उतरा आता," शिहोको म्हणाली. "घोड्याला अजून तीन पाय खोचायचेत."